दुर्बल आम्ल

स्वराली वाडिले गेली तेव्हा तिच्या मनगटावरची पट्टी हिरवी होती. हिरवी म्हणजे धोका नाही, कामावर परत जा. तिच्या आईने, रत्नाताईंनी, ती पट्टी स्वतःच्या हातांनी सोडवली आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या कॉलेजात येऊन हेमांगी देवरेच्या टेबलावर ठेवली.

हेमांगी पन्नाशीची. चोवीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होती. स्वराली आठ वर्षांपूर्वी तिच्याच वर्गात होती, दुसऱ्या बाकावर. रत्नाताई रडत नव्हत्या. त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. पायांवर आम्ल सांडलं, दुखतंय म्हणाली. मी घाबरले, तर मलाच धीर द्यायला लागली. आई, हे आम्ल दुर्बल असतं, आमच्या मॅडमनी शिकवलंय. तुमचं नाव घेतलं तिने. मग ती मेली कशी, एवढं मला सांगा."

रत्नाताई थोडा वेळ थांबल्या आणि निघून गेल्या. टेबलावरच्या त्या पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव होतं, सारंग देवरे, आणि त्याखाली रसायन-प्रमाणकाचं, हेमांगी देवरे. रत्नाताईंनी तेवढं वाचलं नव्हतं. हेमांगीनेही त्या दिवशी सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याची चीड तिला पुढे कायम येत राहिली.

सारंग तिचा धाकटा भाऊ. तो अकरा वर्षांचा असताना त्यांचे वडील, अप्पा, जळगावकडच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथे लोखंडी पत्रे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या हौदात बुडवून त्यांचा गंज काढत. एक दिवस आम्लाचं पिंप फुटलं. अप्पांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि डावा डोळा गेला. आम्ल अंगावर पडलंय हे मुकादमाला कळेपर्यंत आणि पाण्याचा नळ सापडेपर्यंत जी चार मिनिटं गेली, त्या चार मिनिटांवर सारंगने पुढचं आयुष्य खर्च केलं. त्याने 'दक्ष' नावाची पट्टी बनवली. मनगटावर एक पट्टी आणि अंगातल्या कपड्यांत विणलेले केसाएवढे तंतू. आम्लाचा थेंब कुठेही पडला की पापणी लवायच्या आत पट्टीला कळायचं, किती जोरदार आहे ते ठरायचं, पट्टी लाल, नारिंगी किंवा पिवळी व्हायची. लाल झाली की यंत्रं बंद, पाण्याचे फवारे सुरू, रुग्णवाहिका आपोआप निघालेली. माणसाने काही ठरवायचं उरत नव्हतं. चार वर्षांत या पट्टीने शेकडो हात आणि डोळे वाचवले होते, यात शंका नव्हती.

आम्ल किती जोरदार, हे ती कशावरून ठरवायची? हेच हेमांगी दरवर्षी फळ्यावर शिकवायची. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही एकाच घरातली चार भावंडं. प्रत्येकाने हायड्रोजनचा हात धरला की आम्ल तयार होतं. पाण्यात पडल्यावर जो हा हात जितक्या सहज सोडतो, तितकं त्याचं आम्ल प्रबळ. आयोडिन अंगाने मोठं, त्याची पकड ढिली, त्यामुळे ते सगळ्यांत प्रबळ. मग ब्रोमिन, मग क्लोरिन. या तिघांचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटतात. फ्लोरिन मात्र अंगाने लहान आणि पकडीला घट्ट. साध्या द्रावणात त्याच्या शंभरातले दोन-तीन रेणूच हायड्रोजन सोडतात. म्हणून हायड्रोफ्लुओरिक आम्ल दुर्बल. परीक्षेत हा क्रम दोन गुणांना यायचा. सारंगची पट्टी हेच मोजायची, सुटलेला हायड्रोजन. तिचं माप अचूक होतं.

हेमांगी वर्गात जे सांगत नव्हती ते असं होतं. न फुटलेला रेणू कातडीला खुपत नाही. तो अख्खाच्या अख्खा कातडीतून आत जातो, चरबीतून, स्नायूतून, हाडापर्यंत. वरून साधी लालीही दिसत नाही. आत गेल्यावर तो सावकाश फुटतो आणि सुटलेलं फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम पकडत सुटतं. हृदयाचा ठोका कॅल्शियमवर चालतो. ते संपलं की ठोका थांबतो. यावर प्रश्न येत नव्हता म्हणून ती सांगत नव्हती. अभ्यासक्रम आवरायचा असे.

पट्टी बाजारात यायच्या आधी तिने सारंगला मात्र हे सांगितलं होतं, लेखी, दोन ओळींत. फ्लोरिनचं आम्ल या मापात बसत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. सारंग म्हणाला होता की पहिले सगळे कारखाने हायड्रोक्लोरिकवाले आहेत, पुढच्या पट्टीत बघू. नव्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक यंत्राला एका रसायनतज्ज्ञाची, म्हणजे प्रमाणकाची, सही लागायची. ती सही जिवंत असायची, म्हणजे तज्ज्ञाने मागे घेतली की यंत्र त्याच क्षणी अमान्य. सारंगने ताईला विचारलं. अप्पा शेजारी बसून दोघांकडे बघत होते. हेमांगीने सही केली.

मग मोडीत निघालेल्या सौरपटांचे, म्हणजे सोलर पॅनेलांचे, कारखाने आले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी माळरानांवर आणि छपरांवर बसवलेले पट आता ट्रक भरभरून तापीकाठच्या औद्योगिक वसाहतीत येत होते. त्यांतलं सिलिकॉन पुन्हा वापरायचं तर वरचे थर हायड्रोफ्लुओरिकच्या हौदात विरघळवावे लागत. दोन वर्षांत असे बारा कारखाने उभे राहिले. बाराही ठिकाणी सारंगने तीच पट्टी दिली. हेमांगीने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

स्वराली त्यांतल्याच एकात हौदावर देखरेखीला होती. त्या दिवशी सकाळी दहा वाजता पंपाची नळी निसटली आणि वीस टक्क्यांचं आम्ल तिच्या दोन्ही मांड्यांवर आलं. पट्टी पिवळी झाली. तिने नियमाप्रमाणे दहा मिनिटं पाण्याखाली धुतलं, कपडे बदलले. वरचा हायड्रोजन धुऊन गेला होता, त्यामुळे पट्टी हिरवी झाली. यंत्राने तिला हजर धरलं. साडेबारानंतर पाय हाडाच्या आतून ठणकायला लागले. मुकादमाने पट्टी बघितली, हिरवी होती. दोन वाजता तिला उभं राहवेना तेव्हा रुग्णवाहिका बोलावली. पट्टीने तिला तिसरी, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याची श्रेणी दिली होती, त्यामुळे गाडी धुळ्याला न जाता जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरच्या पडद्यावर निरोप आधीच पोहोचला होता. दुर्बल आम्ल, त्वचा धुतली आहे, धोका कमी. त्याने वेदनाशामक दिलं, भाजल्यावरचं मलम लावलं. पावणेपाचला तिचं हृदय बंद पडलं. ती सव्वीस वर्षांची होती.

रत्नाताई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमांगी नाशिकला सारंगच्या कार्यालयात गेली. त्याला सगळं माहीत होतं. वकील येऊन गेला होता. सारंगचे डोळे सुजलेले होते, रात्रभर झोपला नसावा. तिने बसायच्या आधीच सांगितलं की बारा कारखान्यांतल्या पट्ट्या आजच्या आज परत बोलाव. त्याने समजावायचा प्रयत्न केला. पट्टी फक्त हायड्रोजन बघते, फ्लोराइड बघणारी नवी पट्टी बनवायला सहा महिने तरी लागतील. तोवर फार तर कागदावर सूचना काढता येतील. आता पट्ट्या परत घेतल्या तर चूक कबूल केल्यासारखं होईल.

"आणि चूक कुठे आहे, ताई?" तो म्हणाला. "आकडा बरोबर होता. मी तीन वेळा तपासला. चौकशीत तुला एवढंच विचारतील, हे आम्ल दुर्बल आहे की नाही. तू हो म्हणायचंस. ते खरंच आहे."

"खरं आहे, त्याचीच तर मला चीड येते," हेमांगी म्हणाली. "तुझं यंत्र खोटं बोललं असतं तर कुणीतरी उलटून बघितलं असतं. मुकादमाने बघितलं असतं, त्या डॉक्टरने बघितलं असतं. ते खरं बोलत होतं म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. मी तुला लिहून दिलं होतं, सारंग."

"लिहून दिलंस आणि सहीपण केलीस."

"हो. म्हणून ती मागे घेणार आहे."

तो उठून उभा राहिला. तिची सही गेली की फक्त बारा नाही, त्र्याण्णव कारखान्यांचे दरवाजे बंद होतील, हे त्याने तिला सांगितलं. पट्टी मान्य नसेल तर फाटक उघडत नाही, तशी व्यवस्थाच आहे. एक्याऐंशी ठिकाणी हायड्रोक्लोरिक आहे, तिथे पट्टी रोज माणसं वाचवते. ताईला हे चालणार होतं का? हेमांगीने त्याला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. बारा ठिकाणच्या पट्ट्या काढ, मी बाकीच्यांना हात लावत नाही. संध्याकाळी सहाला वकिलाचा निरोप आला की देवरे साहेब या विषयावर बोलू शकत नाहीत.

घरी तिने अप्पांना सगळं सांगितलं. ते ऐंशीचे झाले होते, तिच्याकडेच राहायचे. ते आपल्या बाजूने उभे राहतील असं तिला वाटलं होतं. अप्पांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"माझ्यासारख्यांच्या हातावरची पट्टी तू काढतेस," ते म्हणाले.

"अप्पा, त्या मुलीला..."

"त्या मुलीचं मला कळतं. पण उद्या मालकांनी पट्टीशिवायच फाटकं उघडली आणि एखादं पिंप फुटलं तर तिथे कोण असेल? तू?"

तरीही सकाळी आठ वाजता तिने सही मागे घेतली. पडद्यावर दोनदा विचारलं, नक्की का. तिने दोन्ही वेळा हो केलं. साडेआठच्या पाळीला त्र्याण्णव फाटकं उघडली नाहीत. हजारो माणसं रस्त्यावर उभी राहिली. दुपारपर्यंत तिचं नाव सगळीकडे झालं होतं. कुणी तिला शूर म्हणत होतं, कुणी भावावर सूड घेणारी म्हणत होतं. अप्पा त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

तिला वाटलं होतं, आता तरी सारंग बारा कारखाने बाजूला काढेल. तसं झालं नाही. अकराव्या दिवशी त्याला दुसरा प्रमाणक मिळाला. नव्या माणसाने पट्टीचं माप तपासलं, ते अचूक निघालं, त्याने सही केली. त्र्याण्णव फाटकं उघडली. बारा कारखान्यांत भिंतीवर एक सूचना लागली, बारीक अक्षरांत, हौदापासून बरीच दूर.

चौकशी धुळ्यालाच झाली. पट्टी बरोबर होती. कारखान्याने पट्टीचं ऐकलं, म्हणजे कारखाना बरोबर होता. रुग्णवाहिका श्रेणीप्रमाणे गेली, डॉक्टरने निरोपाप्रमाणे उपचार केले. स्वरालीने दहा मिनिटं धुतल्याची नोंद होती, म्हणजे तिचंही काही चुकलं नव्हतं. वकिलाने हेमांगीला विचारलं, हायड्रोफ्लुओरिक हे दुर्बल आम्ल आहे की नाही, हो किंवा नाही. ती म्हणाली हो, आणि पुढे बोलायला लागली, तर तिला थांबवलं गेलं. मग तिची दोन ओळींची चिठ्ठी पुढे आली आणि त्याच फाइलमधली तिची सहीसुद्धा. मागे बसलेल्या रत्नाताईंना तिथे, सगळ्यांसमोर कळलं की धोका माहीत असूनही तिने सही केली होती. सारंग समोरच होता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. घटना दुर्दैवी ठरली. हेमांगीचा प्रमाणकाचा अधिकार काढून घेण्यात आला आणि कॉलेजने तिला घरी बसवलं.

बाहेर पायऱ्यांवर रत्नाताई तिच्यासाठी थांबल्या होत्या. "टेबलावर पट्टी ठेवली तेव्हा तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. हेमांगी हो म्हणाली. रत्नाताई वळल्या आणि रिक्षात बसल्या.

घरात बसून हेमांगीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. यावर औषध आहे. नवं नाही, गुंतागुंतीचंही नाही. कॅल्शियमचं मलम. ते वेळेवर चोळलं तर आत शिरणारं फ्लोराइड शरीराचं कॅल्शियम सोडून मलमातलं धरतं. मग दवाखान्यात कॅल्शियमचं इंजेक्शन. गावातल्या औषधाच्या दुकानात ते मलम मिळेना, तेव्हा तिने कॅल्शियम ग्लुकोनेटची पूड आणली, पाण्यात विरघळणाऱ्या जेलीत घोटली, डब्या भरल्या. एका कागदावर डॉक्टरांसाठी काय झालंय आणि काय द्यायचं ते लिहून त्याच्या प्रती काढल्या. सकाळी सात वाजता ती स्वरालीच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

पहिल्या दिवशी कुणी डबी घेतली नाही. ही तीच बाई जिच्यामुळे अकरा दिवस काम बंद होतं. एकीने तोंडावर सांगितलं की मॅडम, तुमच्यामुळे आमच्या घरात भांडणं झाली. रखवालदाराने दोनदा हाकललं, पोलिसांना बोलावलं. मग ती पोलिसांनी ठरवून दिलेल्या अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, पट्टी काहीही म्हणो, अंगावर पडलं तर धुवा आणि माझ्याकडे पळत या. तिचा आवाज चढायचा. शिकवताना कधी चढला नव्हता इतका.

दहाव्या दिवशी रत्नाताई आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कसं लावायचं ते मला दाखवा. एक सांगून ठेवते, तुम्हाला माफ केलेलं नाही."

"करू नका," हेमांगी म्हणाली, आणि हातमोजे कसे घालायचे, किती वेळ धुवायचं, मलम कसं चोळत राहायचं, दुखणं थांबेपर्यंत का थांबायचं नाही, हे तिने दाखवलं. चोवीस वर्षांत इतकं लक्ष देऊन कुणी तिचं ऐकलं नव्हतं. रत्नाताई रोज यायला लागल्या. दोघी कामाव्यतिरिक्त फारशा बोलत नसत. पण रत्नाताई उभ्या राहिल्यावर बायका थांबायला लागल्या. त्या कुणाच्या आई आहेत ते सगळ्यांना माहीत होतं. हळूहळू प्रत्येकीच्या खिशात तो कागद गेला.

मार्चच्या शेवटी, दुपारी अडीचला, रविता पावरा आतून पळत आली. तीस वर्षांची असेल. उजवा हात खांद्यापर्यंत आणि छातीचा अर्धा भाग आम्लाने भिजला होता. तिने आत दहा मिनिटं धुतलं होतं. फाटकाने तिला धोका नसल्याचं सांगून परत आत जायला सांगितलं, दार उघडलं नाही. ती बाजूच्या जाळीवरून चढून आली. रखवालदार मागे धावला, मग रत्नाताईंचा चेहरा बघून जागीच थांबला.

"दुखत नाहीये अजून," रविता म्हणाली. "तरी आले. तुम्ही सांगितलं होतं."

रत्नाताईंनी मोजे चढवले. हेमांगीने पुन्हा पाणी ओतलं आणि रत्नाताई मलम चोळायला लागल्या. डबीमागून डबी. हेमांगीने रिक्षा थांबवली, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून सांगितलं, पेशंट येतोय, कॅल्शियम तयार ठेवा, पडद्यावर येईल त्यावर विश्वास ठेवू नका. पलीकडून कुणीतरी म्हणालं की यंत्राकडून तर तिसऱ्या श्रेणीचा निरोप आलाय. हेमांगी म्हणाली, "त्या श्रेणीची पहिली पेशंट मेली. तिची आई आत्ता या पेशंटजवळ बसली आहे. तुम्ही ठरवा." पाऊण तासाच्या रस्त्यात रत्नाताईंचे हात थांबले नाहीत. वाटेत रविताचा दंड ठणकायला लागला, बोटं आखडली. रत्नाताई चोळत राहिल्या.

दवाखान्यात इंजेक्शनं तयार होती. कॅल्शियम बरंच खाली गेलं होतं, एकदा ठोका अडखळला. साडेसहाला डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी रत्नाताईंना नातेवाईक समजून सांगितलं की आकडे वर यायला लागलेत, हात राहील, बाई वाचेल. आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

हेमांगीचा फोन वाजला. सारंग होता. चौकशीनंतर पहिल्यांदाच. तो एवढंच म्हणाला, "ताई, ती बाई?"

"जिवंत आहे," हेमांगी म्हणाली. "यंत्राचं न ऐकल्यामुळे. बाकीच्या अकरा ठिकाणच्या बायका अजून तुझं ऐकतायत." मग तिने फोन बंद केला.

रत्नाताई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मोजे काढले होते, बोटं सुजली होती. हातात एक रिकामी डबी होती. मुलगी गेल्यापासून हेमांगीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र संतापाने आवळलेला होता.

"एवढंच होतं, मॅडम?" त्या म्हणाल्या. "एवढं मलम?"

हेमांगीने त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती प्रत्येक उत्तराच्या पुढे कारण जोडत आली होती. आज तिने काही जोडलं नाही.

"एवढंच," ती म्हणाली.

रत्नाताईंनी डबी समोरच्या भिंतीवर भिरकावली. ती आपटून फरशीवर गरगरत लांब गेली. माणसं वळून बघायला लागली. रत्नाताई उठल्या, जाऊन डबी उचलली, झाकण शोधलं आणि व्हरांड्याच्या टोकाच्या नळाखाली ती धुवायला लागल्या. सकाळी सातला भरलेली लागणार होती.